तेराव्या महिन्याची नर्स

कौसावहिनी आश्रमात पैसे भरून राहते. हे आधीच लिहून टाकते, कारण शहाद्यात वृद्धाश्रम म्हटलं की लोक तोंड बारीक करतात आणि मुलं बघत नाहीत का, असं विचारतात. मुलं तिला नाहीत. पुतण्या आहे, नवनीत, सुरतला असतो, आणि तो न्यायला एका पायावर तयार आहे. तिलाच जायचं नाही. कोरीटची जमीन तिने चुडामण नावाच्या शेजाऱ्याला खंडाने कसायला दिली आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो वर्षाचे पैसे आणून देतो, ती ते बँकेत ठेवते आणि दर महिन्याला आश्रमाच्या ऑफिसात जाऊन फी भरते, पावती घेते आणि पावती नीट वाचते. अक्षरओळख पुरती, पण वाचते.

माझं माहेर कोरीटचं. कौसावहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होते. तिचा नवरा रतिलालभाऊ आमच्या शेजारचा, म्हणून ती वहिनी. पुढे मी कॉलेजला धुळ्याला गेले, अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले आणि लग्नानंतर पुरुषोत्तमनगरला कारखान्याच्या वसाहतीत आले. ती कोरीटलाच राहिली. पहाटे गोठा, दुपारी कापूस, संध्याकाळी पुन्हा गोठा. सासूचं आजारपण तिने काढलं, रतिलालभाऊंचं काढलं, नवनीतला त्याच्या आईमागे वाढवलं. कोणाची उसनी वाटी तिच्या घरात रात्रभर राहिली नाही.

पण ती उगाच ताठणारी बाई नाही, हेही सांगितलं पाहिजे. पंचाहत्तरी झाली तसं एसटीचं तिकीट माफ झालं. मला वाटलं होतं ही पैसे काढून कंडक्टरशी वाद घालेल. कसलं काय. सरळ आधार कार्ड पुढे केलं.

"फुकट कसं, कुसुमबेन?" मला म्हणाली. "जनमभर तिकीट काढं मी. आते सरकार देस ते लेसू."

म्हणजे तिचा हिशेब साधा. आपलं असेल ते मागून घ्यायचं, नसेल त्याला हात लावायचा नाही. पुढचा सगळा ताप याच साध्या हिशेबातून झाला, कारण तिच्या आश्रमाचा हिशेब एवढा साधा नव्हता.

आश्रम नथमलशेठांनी बांधला. कापडाचं मोठं दुकान, बाजारपेठेत तीन पिढ्या. आईच्या नावाने 'जडावबाई सेवासदन' काढलं. जागा चांगली आहे, खोट्या तक्रारी मी करणार नाही. हॉलमध्ये ज्यांचं कोणी नाही अशी माणसं राहतात, त्यांना सगळं मोफत. अंगणापलीकडे सहा खोल्या आहेत, त्यात पैसे भरणारी माणसं. कौसावहिनीची खोली टोकाची, खिडकीबाहेर सीताफळाचं झाड. त्या झाडावर तिची मालकी असल्यासारखी ती वागते. फळ कोणी काढायचं आणि कधी काढायचं ते तीच ठरवते.

दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीत पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकर आला. त्यात साखर. मग नडगीवर एक जखम झाली ती भरेच ना. रोज ड्रेसिंग, दोन वेळा इन्सुलिन. आश्रमात रमिला वळवी नावाची नर्स आहे, धडगावकडची, बडबडी आणि हाताची हलकी. ती हे सगळं करू लागली आणि कौसावहिनीच्या पावतीवर 'निवास व भोजन' याच्या खाली दुसरी ओळ आली, 'शुश्रूषा'. त्याचे वेगळे पैसे. वहिनीने ते भरले. सेवा घेतली, पैसे दिले, तक्रार नव्हती.

मग नर्स निधी आला.

आमच्याकडच्या आश्रमांत, गोशाळांत तिथी लावायची पद्धत आहे. कोणाच्या वडलांची पुण्यतिथी वैशाख वद्य पंचमीला असेल, तर दरवर्षी त्या दिवशीचं जेवण त्यांच्या नावाने. नथमलशेठांनी तीच पद्धत नर्सला लावली. वर्षातला एक-एक दिवस एका-एका घराने घ्यायचा आणि त्या दिवशीचा नर्सचा, औषधपट्टीचा खर्च त्यांच्याकडून. व्यापारी घरांनी तिथ्या घेतल्या, पाटील मंडळींनी घेतल्या. अंगणात मोठा फलक लागला, महिन्यामहिन्याने नावं. उद्घाटनाला शेठ माईकवर म्हणाले, "या आश्रमात जो कोणी आजारी, त्याच्या खाटेमागे हा निधी उभा राहील. गरीब असो, भरणारा असो." मी तिथे होते. दुसऱ्या रांगेत बसून मी हे ऐकलं आहे.

कौसावहिनी खूश. "मंग मन्ही दुसरी ओळ जाई," म्हणाली.

ओळ गेली. पुढच्या पावतीवर 'शुश्रूषा' नव्हतं. फक्त 'निवास व भोजन' वाढलं होतं, आणि वाढलं होतं बरोबर तेवढंच. खालची बेरीज जिथल्या तिथे.

मी ऑफिसात गेले. व्यवस्थापन शेठांचा नातू श्रेणिक बघतो. पुण्याला शिकून आलेला, गोड बोलणारा, खुर्ची पुढे करणारा मुलगा. त्याच्यावर धड रागावताही येत नाही, हा त्याचा मुख्य दोष.

"मावशी, शुश्रूषेचा तर आम्ही आता रुपया घेत नाही," तो म्हणाला.

"मग निवास का वाढलं?"

"दूध वाढलं, गहू वाढला, जनरेटरचं डिझेल वाढलं."

"सगळं मिळून नेमकं नर्सच्या पैशाइतकं वाढलं?"

"योगायोग आहे, मावशी."

"निधी कौसावहिनीच्या खाटेमागे उभा आहे ना? मग तिच्या पावतीवर दिसत कसा नाही?"

"निधी संस्थेला मिळतो. माणसाला नाही. ज्या खोल्या भरतात त्यांच्यावरच तर हॉल चालतो. तिथून कमी केलं तर हॉलमधल्यांचं काय करू?"

हे शेवटचं वाक्य त्याने ठेवणीतलं बाहेर काढलं. यापुढे बोललं की आपण गरिबांच्या ताटातलं काढतो आहोत असं वाटायला लागतं. मी तरी बोलणार होते. पण कौसावहिनीनेच मला मागे ओढलं. "जाऊ दे. पहिले जितलं भरत व्हतू तितलंच शे ना. चाल, चहा ठंडा व्हस."

मी गप्प बसले. बसायला नको होतं, पण तिची फी आणि तिचा निर्णय.

यंदा ज्येष्ठ दोन आले. पहिला अधिक. आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात, जावयांची चंगळ असते. गावभर अनारसे आणि पुरणाचे धोंडे, उन्हाने डोकं फुटतं आहे आणि लेकी-जावई एसटीने येत आहेत. अशा दिवसांत मी वहिनीला भेटायला गेले, तर ती पलंगावर पाय खाली सोडून बसलेली आणि हातात पावती.

दुसरी ओळ परत आली होती. 'शुश्रूषा (अधिक मास)'. आणि वरचं वाढलेलं निवास तसंच्या तसं.

मी तडक ऑफिसात. श्रेणिकने खुर्ची पुढे केली, मी बसले नाही.

"मावशी, अडचण अशी झाली," तो म्हणाला, "तिथ्या सगळ्या बारा महिन्यांच्या आहेत. अधिक महिन्यात कोणाची पुण्यतिथी धरत नाहीत. सगळे म्हणतात आमची तिथी पुढच्या ज्येष्ठात. म्हणजे पूर्ण महिना निधीत एक पैसा नाही. हॉलमधल्यांचं संस्था सोसेल. खोल्यांनी आपापलं भरायचं, असं ठरलं."

"कोणी ठरवलं?"

"असं... ठरलं."

मला सांगा, याला काय म्हणायचं? नर्सचे पैसे बाहेरून आले तेव्हा तिची फी उतरली नाही. पैसे थांबले तेव्हा मात्र लगेच चढली. पाण्याचा टँकर आला की आश्रमाचा आणि रिकामा झाला की कौसावहिनीचा. मी हे असंच्या असं श्रेणिकला म्हटलं. तो म्हणाला, "तुमचं बोलणं मला कळतं, मावशी." कळतं म्हणणारी माणसं मला भांडणाऱ्यांपेक्षा जास्त थकवतात.

बाकीच्या खोल्यांतल्यांच्या मुलांनी फोनवरून पैसे पाठवून दिले, विषय संपवला. कौसावहिनीचं तसं नव्हतं. आखाजीला चुडामणने दिलेला खंड पुढच्या आखाजीपर्यंत पुरवायचा असतो. फी, औषधं, बस्स. महिन्याची नर्स वरून भरायची तर शेवटच्या महिन्याची फी तुटते, आणि फी तुटली की आश्रम नातेवाइकांना फोन करतो. तो फोन कुठे जाणार हे तिला माहीत होतं.

"नवनीत चांगला शे," ती म्हणाली. "सून बी चांगली शे. पण तिसरा माळा, लिफ्ट नई. एक डाव वर चढावी माले चार माणसंस्नी, मंग खाले कोन उतारी? मी मरसू तवयच उतरसू. सुरतले माले नई जानं, कुसुमबेन."

श्रेणिकने एक तोडगाही काढून दिला होता. वहिनीने 'निराधार' म्हणून अर्ज करायचा. महिनाभर हॉलमध्ये राहायचं, सगळं मोफत, नर्सही. धोंड्याचा महिना संपला की परत खोलीत.

"परत खोली मिळेल कशावरून?" मी विचारलं.

"रिकामी असली तर नक्की."

खोल्यांसाठी बाहेर यादी लागलेली असते. आणि हॉलचं आणखी एक आहे. तिथी असलेलं कुटुंब आलं की हॉलमधल्यांनी धुतलेले कपडे घालून ओळीने बसायचं, दात्याच्या हातचा पेढा तोंडात घ्यायचा आणि फोटो निघेपर्यंत तोंड तसंच ठेवायचं. हॉलमधल्या शांतीबाई सांगत होत्या, एकदा फोटो नीट आला नाही म्हणून तोच पेढा पुन्हा भरवला. वहिनीला पेढा चालतही नाही, साखर आहे.

"मन्हा हात काय मोडेल शेत का, दुसरानी भरवाले?" एवढंच ती म्हणाली, आणि अर्ज नको म्हणून सांगितलं. पैसेही भरणार नाही म्हणाली. मग श्रेणिकने नियम काढला की शुश्रूषा न भरणाऱ्याला नर्स हात लावणार नाही. एकाला फुकट दिलं तर बाकीचे पैसे परत मागतील. त्याच्या बाजूने तेही खरंच होतं.

वहिनीने त्याला खोलीत बोलावलं. मी तिथेच होते.

"रमिलानी माले हात नई लावाना," ती म्हणाली.

"नाही आजी. सॉरी."

"पण ती तठे उभी राहीसन बोली ते? बोलाना बी पैसा लागतस का रे?"

श्रेणिक जरा गोंधळला. "बोलण्याचे... नाही."

"बरं. जाय मंग."

दुसऱ्या दिवसापासून तो प्रकार सुरू झाला. सकाळी कौसावहिनी खुर्चीत बसून पाय स्टुलावर घेई. रमिला दारात, हात मागे बांधून. आणि तिथून तिचं धावतं वर्णन.

"आजी, आधी हात धुवा. साबणाने. तो नाही, तो अंगाचा, दुसरा."

"एकच शे मन्हाकडे."

"बरं, तोच. आता जुनी पट्टी सोडा. ओढू नका. ओढू नका म्हटलं ना. पाणी सोडा तिच्यावर, ते बाटलीतलं. भिजू द्या."

"कितलं भिजू दिऊ? कपाशी शे का ती?"

"आजी, तुम्ही हसलात की पाय हलतो."

मला हसू येत नव्हतं. खुब्यात रॉड असलेली ऐंशीची बाई नडगीपर्यंत वाकते, आणि दोन हातांच्या अंतरावर दारात शिकलेली, पगारी नर्स नुसती उभी. रमिला बडबड करायची, पण डोळे तिचे सारखे वहिनीच्या बोटांवर. इन्सुलिन वहिनीने दोन दिवसांत शिकून घेतलं. पट्टीचा मात्र पीळ पडायचा. चार दिवसांनी जखमेची कड लाल दिसायला लागली. रमिला मला व्हरांड्यात म्हणाली, "मावशी, हे चिघळलं तर दवाखान्यात न्यावं लागेल. तिथून आश्रम परत घेत नाही, घरच्यांना बोलावतात."

म्हणजे पैसे भरून सुरत, आणि न भरता असं चालवलं तरी सुरत. वहिनीला सांगितलं तर म्हणते, "माले माहिती शे." मग कशाला हा हट्ट, मी ओरडले. मी भरते ना एक महिना, माझ्या पेन्शनमधून.

"तू भरशी," ती म्हणाली, "मंग आश्रमवाला समजतीन हाई बरोबर व्हतं."

मी पिशवी उचलली आणि नथमलशेठांच्या दुकानात गेले.

शेठ गादीवर बसले होते. ऐंशी ओलांडली आहे, ऐकू चांगलं येतं, न ऐकल्याचं सोंग त्याहून चांगलं येतं.

"या, या ताई. बैठो. पाणी द्या रे. जावयाला कपडे घ्यायचेत? धोंड्याचा महिना आहे."

"जावई पुढच्या आठवड्यात. शेठ, तुमच्या नर्स निधीत हा महिना का नाही?"

त्यांनी सगळं ऐकलं. मग हात हलवला. "बारा महिने धरले होते. तेरावा कोणाच्या डोक्यात आला नाही. माणूस चुकतो."

"व्याज लावताना चुकता का हो तेरावा महिना?"

बाजूचा मुनीम खाली बघून हसला. शेठही हसले. "व्याजात चुकलो असतो तर इथे बसलो असतो का?"

"मग?"

"ठीक आहे. कौसाबाईंचं मी देतो. माझ्याकडून. विषय मिटवा."

"ती तुमच्याकडून घेणार नाही. तिला दान नको आहे. तुम्ही माईकवर सांगितलं होतं, भरणारा असो की गरीब असो, खाटेमागे निधी. तो वर्षभर आला, तिची फी उतरली नाही. आता तो नाही, तर तिच्याकडून वसूल. ते तेवढं दुरुस्त करा."

"अरे, पण भरणाऱ्याला निधी कशाला? ती तर भरते आहे."

"भरते म्हणून तिची जखम कमी दुखते का?"

"निधी संस्थेला असतो, ताई."

"संस्थेच्या नडगीला जखम आहे का?"

ते जरा चिडले. माझा आवाज चढला होता, गिऱ्हाइकं बघत होती. "श्रेणिक बघतो सगळं. तो शिकलेला आहे. मी यात पडत नाही."

"पडू नका. नुसते या. तुम्ही तिथी असली की येता, सगळे आंघोळ करून ओळीने बसलेले असतात. एकदा तिथी नसताना या. आत्ता महिनाभर एकही नाही, मोकळेच आहात. सकाळी या, ड्रेसिंगच्या वेळी."

मी पाणी न पिता उठले. बसस्टँडवर येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की मी भांडले खूप आणि मिळवलं काहीच नाही.

पण म्हातारा आला. दोन दिवस गेले, तिसऱ्या सकाळी मी पोचले तर गेटाशी त्यांची गाडी. श्रेणिकला पत्ता नव्हता, तो अजून आलेला नव्हता. शेठ काठी टेकत अंगणातून टोकाच्या खोलीकडे निघाले होते. मी मागे.

आत नेहमीचं चाललेलं. पाय स्टुलावर, रमिला दारात हात मागे बांधून. शेठ तिच्या बाजूला येऊन उभे राहिले. ती दचकून बाजूला झाली.

"ही का उभी आहे?" शेठनी विचारलं.

कौसावहिनीने मान वर केली. पट्टीचं एक टोक तिच्या दातांत होतं, दुसरं हातात, आणि तिसरा हात तिला नव्हता. तिने दातांतलं टोक काढलं.

"शेठ, बरं व्हयनं तुम्ही येळवर उनात. धरा हाई टोक."

"मी?"

"रमिलाले मनाई शे. तुम्हनं नाव कोनताच नियमम्हा नई ना? मंग तुम्हले हात लावाले हरकत नई. धरा, घट्ट."

आणि नथमलशेठ वाकले. काठी त्यांनी माझ्या हातात दिली, आणि पट्टीचं टोक अंगठ्याखाली दाबून धरलं. वहिनी गुंडाळत राहिली. इतक्या जवळून त्यांनी ती जखम पाहिली असणार, कारण त्यांचं तोंड फिरलं आणि पुन्हा वळलं.

"शेठ, हात हलवू नका," रमिला दारातून म्हणाली. सवयीने बोलून गेली. मग जीभ चावली.

"आम्हना घर सालदार गडी व्हता," वहिनी गुंडाळता गुंडाळता बोलत होती, आवाज गप्पा मारतानाचा. "आखाजीथीन आखाजी बोली. धोंडाना महिना उना, म्हणजे साल तेरा महिनानं व्हस. तवय आम्हना घरना त्याले तेरावा महिनाना दाना येगळा देत व्हतात. तो मांगे नई. पण त्यानं पोट काय त्या महिनाम्हा बंद ऱ्हास का?"

गाठ मारून झाल्यावर शेठनी टोक सोडलं आणि तिच्या पलंगावर बसले, न विचारता. वयाने दम लागला असावा.

श्रेणिक धावत आला. आजोबांना तिथे बसलेलं बघून त्याने खुर्चीच शोधली आधी.

"ही खाट निधीत धरली आहे ना?" शेठनी विचारलं.

"हो दादाजी. सहा खोल्यांपैकी ज्यांना नर्स लागते त्या सगळ्या."

"म्हणजे तिथीवाल्यांना आपण यांचं पण नाव सांगून पैसे घेतले."

"हो, पण..."

"आणि यांची फी तेवढी कमी केली?"

श्रेणिक दूध, गहू, डिझेल म्हणाला. मला वाटलं आता म्हातारा फुटेल. फुटला नाही. रमिलाकडे वळून म्हणाला, "हात मागे कशाला बांधलेत, पोरी? सोड ते. बघ हिची पट्टी, मला जमली नाही."

रमिला एका ढांगेत आत. गाठ सोडलीसुद्धा.

अधिक महिन्याचा नर्सचा खर्च सगळ्या खोल्यांसाठी संस्था करेल, भरलेले पैसे परत होतील, आणि तिथ्यांच्या फलकाला तेराव्या महिन्याचा पत्रा जोडायचा, असं शेठनी उभ्या उभ्या सांगितलं. श्रेणिकने मान हलवली.

"आणि वाढवलेलं निवास?" मी विचारलं. गोड क्षण होता, मान्य आहे, पण मी कशाला सोडू?

शेठनी माझ्या हातातली काठी घेतली. "ते मीटिंगमध्ये बघू."

मीटिंग अजून झालेली नाही. आता निज ज्येष्ठही संपत आला. कधी अध्यक्ष मुंबईला असतात, कधी कोरम नसतो, कधी श्रेणिक म्हणतो, "विषयपत्रिकेवर घेतलंय, मावशी." फलकाला पत्रा मात्र लागला आहे. वर 'अधिक मास' लिहिलं आहे, खाली एकही नाव नाही. लोक म्हणतात, त्या महिन्यात आमच्याकडे कोणी गेलेलंच नाही. दर मंगळवारी बाजाराला आले की मी ऑफिसात डोकावते आणि विचारते. श्रेणिक मला लांबून बघून खुर्ची पुढे करतो. मी बसत नाही.

जखमेची कड उतरली. कोपऱ्यातून नवी कातडी धरते आहे, असं रमिला म्हणते. कौसावहिनीने या महिन्याची फी नेहमीसारखी स्वतः वॉकर घेऊन जाऊन भरली. दुसरी ओळ नाही. पहिली ओळ तीच, वाढलेली. मी पावती हातात घेऊन सुरुवात करणार, तेवढ्यात तिने ती माझ्या हातातून काढून उशीखाली घातली.

"मीटिंग व्हई तवय भांडजो," म्हणाली. "आते बस. सीताफळले फूल उनं, ते देख."

मग पाय स्टुलावर ठेवून तिने रमिलाला बोलावलं आणि ती पट्टी बांधत असताना वरून बघत राहिली.

"ढिली बांधी ऱ्हायनी तू," तिला म्हणाली. "मी बांधत व्हतू ती बरी व्हती."

"तुमची पट्टी दुपारपर्यंत घोट्यावर यायची, आजी."

"घट्ट कर."

रमिलाने घट्ट केली.